अडीच वर्षांचं लेकरू आणि जैसलमेर

जळगावहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"मुलगी सात वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. नाताळच्या सुट्टीत ह्यांना स्वतःची गाडी घेऊन राजस्थान करायचं आहे. उदयपूर, जोधपूर, जैसलमेर, बिकानेर, जयपूर आणि परत, नऊ दिवसांत. एक रात्र वाळवंटात तंबूत. सासूबाई सोबत येणार आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. त्या म्हणतात, एवढ्याशा लेकराला वाळवंटात नेऊन काय दाखवणार? हे म्हणतात, जळगावच्या पोरांना उन्हाचं काय कौतुक! मला स्वतःला वाळूचे डोंगर लहानपणापासून बघायचे आहेत, पण मुलगा आजारी पडला तर सगळे मलाच बोलतील. जावं की नाही?"

ताई, जा. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही मध्येच कुठेतरी टाकून दिलं आहे, ते म्हणजे तुम्हाला स्वतःला जायचं आहे. मुलं मोठी होईपर्यंत थांबायचं काही कारण नाही. उलट अडीच आणि सात ही वाळवंटासाठी फार छान वयं आहेत, कारण जिथवर नजर जाईल तिथवर खेळायला वाळू आणि "हात लावू नको" म्हणणारं कोणी नाही, असं ठिकाण त्यांना दुसरीकडे मिळत नाही. पण ह्यांनी आखलेली सहल करू नका. पाच शहरांची धावपळ काढून टाका. एकच वाळवंट ठेवा.

तो आराखडा मी नकाशा समोर घेऊन पाहिला. जळगाव ते जैसलमेर रस्त्याने हजार किलोमीटरहून जास्त आहे. जैसलमेर ते बिकानेर सुमारे 330, बिकानेर ते जयपूर पुन्हा तितकंच. नऊ दिवसांतले निम्मे दिवस तुमचा मुलगा खुर्चीला बांधलेला असेल आणि सासूबाई गुडघे दुमडून मागे बसलेल्या असतील. लहान मुलं प्रवासात आजारी पडतात ती बहुतेक वेळा ठिकाणामुळे पडत नाहीत, वेळापत्रकामुळे पडतात. रोज नवी खोली, अवेळी जेवण, अर्धवट झोप, आणि गाडी थांबवायला नको म्हणून कमी पाजलेलं पाणी.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. माझी धाकटी चार वर्षांची असताना आम्ही जोधपूरहून जैसलमेरला गाडीने गेलो. पाच तासांचा रस्ता, डिसेंबर, हवा छान गार. ती झोपली म्हणून आम्ही खूश. उठल्यावर बिस्किटं खाल्ली, पाणी नको म्हणाली, आम्हीही आग्रह केला नाही. हॉटेलात पोचल्यावर डोकं दुखतंय म्हणून रडायला लागली, मग उलटी. तेव्हा मला आठवलं की सकाळी दहापासून तिने शू केलेली नाही, आणि घड्याळात चार वाजून गेले होते. रात्री आठपर्यंत मी तिला चमच्या-चमच्याने ओआरएस पाजत बसले. तिने तासाभराने शू केली तेव्हा मला रडू आलं होतं.

म्हणूनच "जळगावच्या पोरांना उन्हाचं काय कौतुक" ह्या वाक्याची मला काळजी वाटते. मे महिन्यात तुमच्याकडे पारा 45 वर जातो, तेव्हा आई मुलाच्या मागे पाण्याचा पेला घेऊन फिरते. ती तुमच्या हाताची सवयच आहे. जैसलमेरला डिसेंबर-जानेवारीत दिवसा 24-25 अंश असतं, ऊन मऊ लागतं, घाम आल्याचं कळतसुद्धा नाही, कारण हवा इतकी कोरडी असते की तो अंगावर दिसायच्या आत उडून जातो. गारव्यामुळे तहान लागत नाही. शरीरातलं पाणी मात्र जात राहतं, आणि अडीच वर्षांच्या मुलाला ते सांगता येत नाही. उन्हाळ्यात जी सवय आपोआप कामाला येते, ती तिथे मुद्दाम आठवून वापरावी लागते.

तेव्हा साधा नियम ठेवा. अर्ध्या तासाने दोन-चार घोट, मागितलं नाही तरी. तीन-चार तासांत शू झालीच पाहिजे आणि तिचा रंग फिका हवा. गडद पिवळी दिसली की गाडी, उंट, किल्ला, सगळं थांबवायचं. ओआरएसची पाकिटं घरूनच न्या, डब्ल्यूएचओच्या सूत्राची पावडर, जिचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात घालतात. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकू नका, प्रमाण बिघडतं. केलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका. दुकानात मिळणारी फळांच्या चवीची गोड खोकी ओआरएस समजून पाजू नका. आणि मूल रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, डोळे खोल गेलेले दिसले, सहा तास शू नसेल किंवा ते मलूल पडून राहिलं, तर घरगुती उपाय बंद करून सरळ डॉक्टर. जैसलमेर शहरात सरकारी जिल्हा रुग्णालय आहे. मोठं इस्पितळ म्हणजे जोधपूरचं एम्स, ते पाच तासांवर. म्हणूनच शहरापासून लांबच्या जागा मी तुमच्यासाठी कमी करणार आहे.

आता कधी जायचं. दिवाळी ऑक्टोबरात आली तर दुपार अजून 35 च्या पुढे असते, ती सुट्टी ह्यासाठी नको. नाताळचा आठवडा मीही एकदा केला आहे. खोल्यांचे भाव दुप्पट, धोऱ्यांवर (तिथे वाळूच्या टेकडीला धोरा म्हणतात) माणसांची जत्रा, आणि रात्री उशिरापर्यंत भोंगे. तुमची मुलगी दुसरीत असेल. जानेवारीच्या शेवटी चार दिवस शाळा बुडाली तर तिचं काही बिघडणार नाही, बाईंना आधी सांगून ठेवा. नोव्हेंबरचा शेवट किंवा जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, ह्या दोन खिडक्या लहान मुलांसाठी उत्तम. फेब्रुवारीत माघी पौर्णिमेच्या सुमाराला जैसलमेरला मरू महोत्सव असतो. तो आवडत असेल तर ठीक, नाहीतर ते दिवस टाळा.

तारीख ठरवताना कालनिर्णय काढून तिथी बघा. हे मी गंभीरपणे सांगते आहे. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर मुलांना रात्री वाळूवर टॉर्चशिवाय खेळता येतं, आणि चांदण्यात वाळू कशी दिसते ते तुम्ही आयुष्यभर विसरणार नाही. अमावास्येच्या आसपास गेलात तर आकाश. मुलीला मृग, रोहिणी, कृत्तिका आधी जळगावच्या गच्चीवरून दाखवून ठेवा. तीच नक्षत्रं तिला तिथे शोधायला सांगा. ती गोंधळून जाईल, कारण ओळखीच्या ताऱ्यांच्या मधल्या रिकाम्या जागा तिथे भरून गेलेल्या असतात. माझी मोठी मुलगी व्याधाकडे बोट दाखवून "हा आपल्याकडचाच का?" असं विचारत होती.

प्रवास गाडीने नको, रेल्वेने करा. जळगावहून सुरतमार्गे अहमदाबाद, तिथे एक रात्र मुक्काम, मग जोधपूर. मुंबईला नातेवाईक असतील तर बांद्रा टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेस आहे, दुपारी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी जोधपूरला पोचते. रेल्वेत मुलगा चालेल-फिरेल, झोपेल, सासूबाईंना पाय लांब करता येतील. जोधपूरला एक अख्खा दिवस काहीही न करता घालवा. फारच वाटलं तर मेहरानगड बघा, वर जायला लिफ्ट आहे, सासूबाईंना ती उपयोगी पडेल. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून जैसलमेर. वाटेत पोकरणला थांबायचंच, भूक असो वा नसो.

जैसलमेरला चार रात्री. त्यातल्या तीन शहरात, एक वाळवंटात, आणि ती एक शेवटून दुसरी. पहिल्याच दिवशी मुलांना धोऱ्यावर नेण्याचा मोह आवरा. दोन दिवस त्या कोरड्या हवेत काढल्यावर नाक-घसा सरावतो. नाकावरून आठवलं, त्या हवेत मुलांचा घोळणा फुटतो. रात्री झोपताना नाकपुडीच्या कडेला आतून बोटाने किंचित पेट्रोलियम जेली लावा. फुटलाच तर मान मागे टाकू नका, आपल्याकडे सगळे तेच करतात आणि रक्त घशात जातं. मुलाला ताठ बसवून थोडं पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा, दहा मिनिटं सोडू नका.

मुक्काम किल्ल्याच्या आत करू नका. जाहिराती सुंदर असतात आणि तटावरची खोली मिळते हे खरं. पण 1156 साली रावळ जैसलने वसवलेला हा किल्ला आजही वस्तीचा आहे, आणि जुन्या काळी जिथे पाणी घागरीने मोजून वापरलं जायचं, तिथे आज न्हाणीघरांचं पाणी मुरून पायाच भिजतो आहे. त्या मुरणाऱ्या पाण्याने किल्ल्याचं नुकसान झालेलं आहे. शिवाय चढाच्या घासून गुळगुळीत झालेल्या फरशा सासूबाईंच्या गुडघ्यांना नकोत. खाली राहा, जिथून संध्याकाळी तो सोन्यासारखा पिवळा दगड दिसतो अशी गच्ची असलेलं हॉटेल बघा, आणि किल्ल्यात एक सकाळ लवकर जाऊन या. बाबागाडी नेऊ नका, त्या फरशांवरही नाही आणि वाळूत तर नाहीच. मुलाला पाठीवर बांधायची झोळी घ्या.

सकाळी गडीसर तलावाच्या पायऱ्यांवर बसा. पावसाचं पाणी साठवून शहर जगवण्यासाठी हा तलाव बांधला गेला. जैसलमेरला वर्षाला जेमतेम 15-20 सेंटीमीटर पाऊस पडतो, हे मुलीला सांगताना तिच्या पट्टीवर दाखवा. अकलचं जीवाश्म उद्यान बारमेरच्या रस्त्याला सतराएक किलोमीटरवर आहे. तिथे सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे उघड्यावर पडलेले आहेत. सात वर्षांच्या मुलीला ह्याहून भारी काही दाखवता येणार नाही.

दुपारी बारा ते साडेतीन खोलीत झोप, सगळ्यांनी. हे ह्यांना पटणार नाही, तरी धरून राहा. वाळवंटातली माणसं, शेळ्या आणि पक्षी, सगळे दुपारी सावलीला असतात. फिरतात ते फक्त पर्यटक.

ह्यांना सीमेकडे जायची हौस असणार, तनोट आणि लोंगेवाला. ती मोडू नका. 1971 च्या डिसेंबरात लोंगेवालाच्या ठाण्यावर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांच्या शंभरसव्वाशे जवानांनी रणगाड्यांचा हल्ला रात्रभर रोखून धरला, ती जागा बघावीशी वाटणं अगदी योग्य आहे. पण सव्वाशे किलोमीटर जाऊन तितकंच परत, धाकट्यासाठी नाही. एक दिवस बाप-लेक दोघांनी पहाटे निघावं, ओळखपत्रं जवळ ठेवावीत. तो दिवस तुम्ही, सासूबाई आणि मुलगा आरामात घालवा. तेही जमत नसेल तर शहरापासून दहाएक किलोमीटरवर, जोधपूर रस्त्याला लष्कराचं युद्ध संग्रहालय आहे. तिथे रणगाडे जवळून बघता येतात.

आता वाळवंटातली रात्र. बहुतेक लोक समला जातात, शहरापासून चाळीसेक किलोमीटर. तंबूंच्या रांगा, स्टेज, नाच, जेवण, सगळं तयार मिळतं, गर्दीही तितकीच. मी तुम्हाला खुहडीकडे (फलकांवर खुरी लिहिलेलं असतं) पाठवेन. अंतर थोडंच जास्त, धोरे जरा लहान, पण शेजारी खरं गाव आहे आणि मातीच्या झोपड्यांमधून राहायची सोय होते. अडीच वर्षांच्या मुलासाठी कापडी तंबू नको, मातीच्या भिंतीची खोली घ्या, आत संडास-बाथरूम असलेली. फोन करून चार गोष्टी विचारा: रात्री स्पीकर किती वाजता बंद होतो, रजया किती देता, गरम पाणी किती वाजता मिळतं, आणि रात्री परत शहरात जायची वेळ आली तर गाडी आहे का. उत्तर द्यायला जो कंटाळतो त्याच्याकडे जाऊ नका.

वाळू दुपारी चटका देते आणि रात्री बर्फासारखी होते. उष्णता वाळूत खोलवर शिरत नाही, वरच्या थरातच राहते, आणि हवेत बाष्प नसल्याने सूर्य गेला की ती अडवायला काही उरत नाही. चारला सदऱ्यावर खेळणारं मूल सातला कुडकुडतं. जानेवारीत पहाट पाच-सात अंशांपर्यंत उतरते, कधी त्याहूनही खाली. स्वेटर, कानटोपी, मोजे खोलीत ठेवून धोऱ्यावर जाऊ नका, पिशवीत बरोबर घ्या आणि सूर्य बुडायच्या आधी घाला. मुलाची रोजची दुलई घरून न्या. ओळखीच्या वासात ती झोपतात.

थंडी वाजते म्हणून कोणी खोलीत निखाऱ्यांची शेगडी आणून ठेवायला निघालं तर आणू देऊ नका. कितीही प्रेमाने दिली तरी नाही. बंद खोलीत निखाऱ्यांचा जो वायू साठतो त्याला वास नसतो, डोळे चुरचुरत नाहीत, आणि झोपलेली माणसं उठत नाहीत. शेकोटी बाहेर, उघड्यावर, आणि आत फक्त रजया. ह्या एका गोष्टीवर मी कुणाचंही ऐकून घेणार नाही.

उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे बसलेला माणूस एकदम पुढे फेकला जातो. बसताना पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही पुढेच. दोन्ही वेळा मागे रेलायचं, हे मुलीला आधी शिकवा आणि तिच्या मागे ह्यांना बसवा. मुलाला उंटावर चढवू नका, उंटगाडीतून न्या. त्याला उंट बाजूने बघायलाच जास्त आवडेल. धोऱ्यांवरून उड्या मारत जाणाऱ्या जीपमध्ये मात्र कोणीच बसायचं नाही, सात वर्षांची मुलगीही नाही. त्या गाड्या उलटतात, आणि लहान मूल मांडीवर धरून ठेवता येत नाही.

अनवाणी खेळणं संध्याकाळपुरतं, मऊ उघड्या वाळूत. गवताच्या कडेला जाऊ देऊ नका. भुरट नावाचे बारीक काटेरी गोंडे असतात, ते लोकरीला असे चिकटतात की बोटांनी काढताना बोटातच रुततात. जुना कंगवा न्या, त्याने विंचरून काढा. अंधार पडला की बूट आणि टॉर्च. सकाळी बूट झटकून घालायचे. विंचू आणि फुरसं तिकडेही असतात, थंडीत कमी दिसतात पण असतात. मुलाला विंचू चावल्यास वेळ न घालवता रुग्णालय. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी प्राझोसिन वापरायला सुरुवात केल्यापासून विंचूदंशावर चांगला उपचार आहे, पण तो डॉक्टरच्या हातून आणि वेळेत मिळाला तर. डोळ्यांत वाळू गेली तर चोळू न देता बाटलीच्या स्वच्छ पाण्याने धुवा.

जेवणाची तुम्हाला अजिबात चिंता नाही. दाल-बाटी म्हणजे तुमची वरण-बट्टीच, डाळ जरा तिखट. तिथली बाजरीची भाकरी, म्हणजे सोगरा, तुपात कुस्करून मुलगा खाईल. केर-सांगरीची भाजी मुलीला एक घास तरी चाखायला लावा, आणि मग सांगा की सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. गणपतीच्या पत्रीतली तीच. ही झाडं तोडू न देण्यासाठी 1730 मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवी आणि तिच्याबरोबर बिष्णोई पंथाच्या शेकडो लोकांनी प्राण दिले. सात वर्षांच्या मुलीला एवढी गोष्ट कळते, फक्त झाडाखाली उभं राहून सांगा.

सासूबाईंचा प्रश्न राहिला, लेकराला काय दाखवणार. त्यांना म्हणा, आई, तो काही बघायला नाही जात. तो संध्याकाळी दोन तास वाळू मुठीत घेऊन सोडत बसेल, आणि त्याच्याजवळ बसायला तुम्ही हव्यात. गुडघे न दुखवता करता येण्यासारखं तेवढंच एक काम त्या सहलीत आहे आणि ते त्यांच्याइतकं चांगलं कुणाला जमणार नाही. त्यांच्यासाठी घडीची खुर्ची न्या, वाळूत खाली बसलं की उठता येत नाही. तुम्ही तेवढ्या वेळात एकट्या धोऱ्याच्या माथ्यावर जाऊन या.

आणि मुलगा आजारी पडला तर सगळे तुम्हालाच बोलतील, असं लिहिलं आहे. ते आत्ताच, निघायच्या आधी, घरात बोलून घ्या. पाण्याची बाटली आणि शूचं घड्याळ ह्यांच्याकडे द्या. दोन-तीन दिवसांत ते स्वतःच गाडी थांबवायला लागतील. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना भेटून ताप, उलटी, जुलाबाची औषधं मुलाच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या, कागद दोघांच्याही फोनमध्ये ठेवा.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. जानेवारीच्या शेवटी जायचं तर नोव्हेंबरच्या शेवटी सकाळी आठला बसा, आणि सासूबाईंना खालचा बर्थ मागून घ्या.